फार्न बेटांवर पक्षी ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये शाळांची उन्हाळी सुट्टी लागते ती जुलै संपता संपता. आपली मराठी मंडळी मुलांना घेऊन तेव्हाच न्यूकॅसलच्या उत्तरेला सीहाउसेसच्या बंदरावर येतात, बोटीत बसतात आणि फार्न बेटांचे कडे बघतात तर विष्ठेने पांढरे झालेले खडक तेवढे उरलेले. पहिली चूक ही, आणि तिला कितीही भारी दुर्बीण उपयोगाची नाही. गिलेमॉट आणि रेझरबिल हे कड्यांवर वीण करणारे गडद पाठीचे, पांढऱ्या पोटाचे समुद्रपक्षी जुलैच्या मध्यापर्यंत पिल्लांसह समुद्रावर निघून जातात, महिनाअखेरीला रंगीत चोचीचे पफिनही. शाळांना मेअखेरीस आठवडाभर सुट्टी असते, ती गाठा. आणि बोट ठरवताना बेटावर उतरवणार की नुसती फेरी मारून आणणार, हे विचारून घ्या. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथे हजारो पक्षी मेले, तेव्हा उतरणं बंद झालं. यांतल्या इनर फार्न बेटावर पुन्हा पाय ठेवायला २०२४ उजाडलं.

आता सर्वांत जास्त होणारी चूक: रंगावरून ठरवणं. गिलेमॉट तपकिरी आणि रेझरबिल काळा, असं पाठ करून लोक येतात. बोट डोलत असते, ऊन समोरून येत असतं, आणि कड्यावरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. त्यात उत्तरेकडचे गिलेमॉट मुळातच जास्त गडद. म्हणून रंग बाजूला ठेवा आणि चोच बघा. गिलेमॉटची लांब, सरळ, सुरीसारखी टोकदार. रेझरबिलची जाड, बोथट, बाजूंनी दाबल्यासारखी. तिच्यावर एक आडवी छेदणारी पांढरी रेघ आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत दुसरी. चोच दिसत नसेल तर पक्षी बसलाय कुठे ते बघा. उघड्या कंगोऱ्यावर खांद्याला खांदा लावून, लोकलच्या गर्दीसारखे उभे आहेत ते गिलेमॉट. रेझरबिल बहुधा जोडीने, कपारीत किंवा गर्दीच्या कडेला. पाण्यावर तरंगताना रेझरबिलची टोकदार शेपटी वर उचललेली असते. गिलेमॉटच्या कुशीवर बारीक करड्या रेघा असतात, रेझरबिलची कूस स्वच्छ पांढरी.

गर्दीत एखाद्या गिलेमॉटच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे गेलेली रेघ दिसेल, अगदी चष्मा लावल्यासारखी. ‘वेगळी जात सापडली’ म्हणून वहीत लिहू नका. तो गिलेमॉटच. असे पक्षी उत्तरेकडे जावं तसे वाढत जातात.

काळे, लांब मानेचे पक्षी दिसले की आपण लगेच पाणकावळा म्हणून मोकळे होतो. इथे बहुतेक वेळा तो शॅग असतो: अंगाने लहान, कपाळ उभं, चोच बारीक, अंगावर हिरवी झाक आणि डोळा पाचूसारखा. कॉर्मोरंट, म्हणजे खरा पाणकावळा, थोराड, गालांवर पांढरा आणि विणीच्या दिवसांत मांडीवरही पांढरा ठिपका. कुरवांमध्ये, म्हणजे सीगलमध्ये, किटीवेक सोपा: पाय काळे आणि पंखांची टोकं शाईत बुडवून काढल्यासारखी. तसाच पांढरा-करडा पण पंख ताठ धरून तरंगणारा आणि चोचीवर नळी असलेला पक्षी कुरव नाही, तो फुलमार.

खरी कसोटी टर्नची, म्हणजे आपल्या सुरयांची. इनर फार्नवर उतरलात की आर्क्टिक टर्न थेट डोक्यावर झेपावतात, टोपी हवीच. इथे तेच जास्त, कॉमन टर्न मोजके. आर्क्टिकची चोच टोकापर्यंत रक्तासारखी लाल, कॉमनची शेंदरी आणि टोकाला काळी. पण नुसत्या चोचीवर विसंबू नका; उन्हाळा सरताना रंग बदलत जातात. त्याच भरवशावर केलेल्या माझ्या पहिल्या वर्षाच्या अर्ध्या नोंदी मला नंतर खोडाव्या लागल्या. पाय बघा: आर्क्टिकचे इतके आखूड की उभा असला तरी बसल्यासारखा वाटतो. आणि तो डोक्यावर घिरट्या घालत असेल तेव्हा घाबरून मान खाली घालू नका, वर बघा. आर्क्टिकच्या पंखातून उजेड आरपार येतो आणि पंखाच्या मागच्या कडेला बारीक निबने ओढल्यासारखी काळी रेघ असते. कॉमनच्या पंखात उजेडाचा एक पट्टाच दिसतो आणि काळी कड रुंद, पुसट. एकदा हे डोळ्यांत बसलं की चोच बघायचीही गरज पडत नाही.

हे पंख कुठवर जातात तेही ऐका. १९८२ च्या उन्हाळ्यात, उडताही येत नव्हतं तेव्हा इथे पायात कडं घातलेलं आर्क्टिक टर्नचं पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पोचलं होतं.

एक चूक मात्र ओळखण्यातली नाही. टर्नची ठिपकेदार अंडी पायवाटेच्या अगदी कडेला, उघड्यावर असतात आणि खडीत मिसळून जातात. फोटोची चौकट साधण्यासाठी एक पाऊल मागे घ्यावंसं वाटेल, तेव्हा आधी वळून खाली बघा.