किल्ला पोरांना करू द्या, आपण फक्त पाण्याच्या बादल्या आणा

दिवाळीच्या सुट्टीत पोरं मोबाईल सोडत नाहीत म्हणून आपण कटकट करतो आणि बाजारातून प्लास्टरचा रेडिमेड किल्ला आणून गॅलरीत ठेवणारे पण आपणच. तो आणू नका. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात ६ ते १२ वयाची सातआठ पोरं मिळून किल्ला करतात, त्यात जे जमलं आणि जे फसलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी, कुठलातरी किल्ला नको, खराखुरा निवडायला सांगा आणि जिथे नंतर पोरांना घेऊन चढता येईल असाच. गेल्या वर्षी आमच्याकडे रायगड की राजगड यावर दोन दिवस भांडणं झाली आणि शेवटी ठरला लोहगड, कारण सगळ्यात लहान मेंबर पहिलीतला. लोहगडाचा आकार पण भारी आहे, एका बाजूला विंचवाच्या नांगीसारखी लांब निघालेली विंचूकाटा माची आणि वर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागे एक चार दरवाजे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात तो आहे, हे पोरांनीच शोधून काढलं.

मग नकाशा. गूगल मॅपवर सॅटेलाइट लावून वरून आकार बघायचा, कागदावर काढायचा, त्यावर पेन्सिलने चौकोन आखायचे आणि तेवढेच चौकोन मोठे करून खडूने जमिनीवर. शाळेत गुणोत्तर म्हटलं की रडणारी पोरगी इथे "कागदावरचा एक सेमी म्हणजे आपली अर्धी फरशी" असं दुसऱ्यांना समजावत होती.

सामान: फुटक्या विटा, दगड, जुनी गोणपाटं, चाळलेली माती. विटांचा उतार रचायचा, गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पसरायचं आणि वरून घट्ट चिखल थापायचा. इथे आपले हात शिवशिवतात, तेव्हा चहा प्यायला निघून जायचं, खरंच सांगतो. मी पहिल्या वर्षी तिथेच उभा राहिलो आणि तासाभरात मीच थापतोय आणि पोरं क्रिकेट खेळतायत.

दरवाज्याशी मात्र थांबा, तिथे मजा आहे. आमच्या पोरांनी आधी दरवाजा सरळ रस्त्यासमोर केला होता. मी फक्त खेळण्यातला ट्रक दिला आणि म्हटलं हा हत्ती, जोरात सोडा. ट्रक धाडकन दरवाजा घेऊन आत. मग वाट वळवली, बुरूज पुढे आणला, आता ट्रक वळणावरच अडकायला लागला. दरवाजा लांबून का दिसत नाही, वाट तटाखालून का जाते, हे मला सांगावंच लागलं नाही.

कारंज्यासाठी सलाईनची नवी नळी मेडिकलमधून आणा. बादली जेवढी उंच ठेवाल त्याच्यापेक्षा पाणी वर उडत नाही, पण हे आधी सांगू नका, पैजा लावू द्या. मोहरी किंवा अळीव चारपाच दिवस आधी पेरायचे, रोज पाणी नुसतं शिंपडायचं, ओतलं तर बिया वाहून जातात.

किल्ल्यावर मांडायची चित्रं, म्हणजे मावळे, तोफा वगैरे, आणायला ठराविक पैसे हातात द्या, आम्ही ५०० दिले. त्यांनी त्यातले निम्मे एका मोठ्या तोफेवर घालवले आणि मावळे आणले ते दरवाज्यापेक्षा उंच. बोलायचं नाही. त्यांचं त्यांनाच दिसलं, मग उंच मावळे खाली पायथ्याशी आले आणि बारके वर गेले, लांबचं छोटं दिसतं म्हणे.

आणि हो, परतीचा पाऊस. वसुबारसेच्या आदल्या रात्री पडला आणि एक बाजू पूर्ण वाहून गेली, सकाळी रडारड. पण जिथे मोहरी दाट उगवली होती तिथली माती जागेवर होती, हे चौथीतल्या एकाने दाखवलं, मग दुसऱ्यांदा थापताना सगळ्या उतारावर बिया आणि पाणी जायला नीट चर. ताडपत्री मात्र आपण आधीच आणून ठेवा.

दिवाळीनंतर खऱ्या गडावर न्याच, नाहीतर अर्धं राहिलं. पुणे-लोणावळा लोकलने मळवली, तिथून पायथ्याची लोहगडवाडी, मग पायऱ्या. सकाळी लवकर निघा, पाणी जास्त घ्या आणि पोरांचा तो चिखलाचे डाग पडलेला नकाशा आठवणीने सोबत घ्या. आमची पोरं तो हातात धरूनच चढत होती, आणि नारायण दरवाज्यानंतर मोठी पोरगी थांबली, नकाशा फिरवून बघितला आणि ओरडली, "अरे थांबा, आपण हे वळण उलट्या बाजूला केलंय!"

मग तिथेच पायरीवर बसून कोणी चुकवलं यावर अर्धा तास भांडण.