पोराला रीलस्टार व्हायचंय? मग आईबाबांनी आधी हे बघा

पोरगं फेमस व्हायचंय म्हणालं की लगेच मोबाईल हिसकावून घेऊ नका, मग ते लपूनछपून दुसरं अकाउंट काढतंय. इन्स्टाला वयाची अट १३ आहे, त्याखालचं असेल तर अकाउंट तुम्हीच चालवायचं आणि बायोमध्ये तसं लिहायचं. पासवर्ड, रिकव्हरी नंबर तुमचाच.

खरं काम पोस्ट टाकायच्या आधी असतंय. व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा म्हणजे मागं काय काय दिसतंय ते कळतंय, शाळेचा बिल्ला, गाडीचा नंबर, घराची पाटी, कोपऱ्यावरचा ट्यूशनचा बोर्ड. राजहंसगडावर नाहीतर गोकाकच्या धबधब्याला शूटिंग केलंत तर लोकेशनसकट पोस्ट घरी पोचल्यावरच टाका, आणि कठड्यावर चढून रील अजिबात नको. अन् आपल्या बेळगावकडचं एक, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर रील केलं की व्ह्यूज धडाधड येतात पण कमेंटमध्ये दोन्हीकडनं जी शिवीगाळ होते ती लहान पोरानं कशाला वाचायची, त्यापेक्षा कुंदा ही आपली मिठाई कशी करतात ते दाखवा की!

पैशाचं म्हणाल तर यूट्यूबवर जाहिरातीच्या कमाईसाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉचटाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात, आणि १८ च्या आत असेल तर अ‍ॅडसेन्स म्हणजे जाहिरातीचे पैसे जमा होणारं गूगलचं खातं पालकाच्या नावावर. त्यामुळं लगेच रिंगलाईट घ्यायला धावू नका.

कुणी घाणेरडा मेसेज केला तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक करा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०, तेही लगेच.