सर्व्हर थिजला तर रीबूटच्या आधी काय पाहावं

वीज गेल्यावर फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्व्हर पुन्हा सुरू होतो, लॉगिन होतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळं थिजतं. पिंगला उत्तर येतं, पण एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) दिलं की कर्सर जागेवरच. यूएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) असलेल्या सर्व्हरवर मी हे पाहिलं आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांनी त्यामागचं कारण समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मिनिटभराचा उशीर हा मोठा धागा आहे. २००३ साली फ्रीबीएसडी ५.० मध्ये पार्श्वभूमीवर चालणारा एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, आला. बूटनंतर साधारण ६० सेकंद थांबून तो फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतो आणि त्या स्नॅपशॉटची तपासणी करतो. सर्व्हर लगेच कामाला लागावा, हा हेतू. पण स्नॅपशॉट घेताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डिस्कवरचं लिखाण काही काळ रोखून धरतं. एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) फोल्डरचं लॉक, म्हणजे ते वापरण्याचा तात्पुरता ताबा, हातात ठेवून लिखाण सुटण्याची वाट पाहत बसली आणि स्नॅपशॉटला नेमकं तेच लॉक हवं असलं, की दोघंही कायमचे अडकतात. मग त्या फोल्डरकडे जाणारा प्रत्येकजण वरचं फोल्डर धरून थांबतो आणि ही रांग थेट रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपर्यंत, पोचते. म्हणून साधं एलएससुद्धा लटकतं.

अशा प्रोसेस पीएसमध्ये (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट पाहत, दिसतात. प्रोसेस जबरदस्तीने बंद करणाऱ्या किल -९ चा उपयोग नसतो. आधीपासून उघडं टर्मिनल असेल तर ते बंद करू नका. पीएस -एएक्सएल मध्ये प्रोसेस कशासाठी थांबली आहे तो रकाना पाहा. 'यूएफएस'वर थांबलेल्या बहुतेक सगळ्या बिचाऱ्या रांगेतल्या असतात. शोधायची ती वेगळ्या नावावर थांबलेली: 'सस्पएफएस', 'स्नॅपएलके' अशी. प्रोकस्टॅट -केके ही कमांड तिचा कर्नलमधला माग, म्हणजे ती नेमकी कुठे अडकली आहे ते, दाखवते. कर्नलमध्ये डीडीबी (कर्नलचा डीबगर) असेल तर कन्सोलवरून शो लॉक्डव्हीनोड्स (कोणत्या फाइली-फोल्डर लॉक आहेत) आणि ऑलट्रेस (सगळ्या प्रोसेसचा माग) घ्या. रीबूट केल्यावर यातलं काहीच उरत नाही, आणि बग नोंदवायला नेमकं हेच लागतं.

त्यानंतर रीबूट करून सिंगल यूजर मोडमध्ये (इतर सेवा सुरू न करता) जाऊन एफएससीके पूर्ण चालवा आणि आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये बॅकग्राउंड एफएससीके बंद करा. माझ्या मते सर्व्हरवर तो बंदच असावा. सॉफ्ट अपडेट्समुळे (यूएफएसची ठरावीक क्रमाने लिहिण्याची पद्धत) मागे राहिलेले, वापरात नसलेले ब्लॉक आणि इनोड (फाइलींच्या नोंदी) गोळा करण्यापलीकडे तो फारसं दुरुस्त करत नाही. डिस्कच बिघडली असेल तर शेवटी पूर्ण तपासणी करावीच लागते.

रात्रीचा बॅकअपही तपासा. डंप -एल ही बॅकअपची कमांड स्वतःचा स्नॅपशॉट घेते, त्यामुळे तपासणी चालू असताना ती सुरू झाली तर अडचण वाढते. २०१२ च्या फ्रीबीएसडी ९.० पासून जर्नल (बदलांची नोंदवही) आल्याने तपासणी झटपट होऊ लागली, पण जर्नल चालू असताना स्नॅपशॉट घेण्याची सोय बऱ्याच उशिरा, १३.२ मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीवर जर्नल आणि डंप -एल एकत्र वापरू नका.