वारशात आलेलं चावीचं घड्याळ: ओळख तबकडीवर नाही, आत शोधा

जुन्या मनगटी घड्याळाची तबकडी अनेकदा बदललेली किंवा पुन्हा रंगवलेली असते, त्यामुळे तिच्यावरच्या नावावरून मॉडेल नक्की कळत नाही.

१. 'चालतंय का बघू' म्हणून चावी देऊ नका. पडून राहिल्यामुळे आतलं तेल सुकलेलं असतं. चाकं कोरडी फिरली की झिजतात.

२. पट्टा काढून तो घड्याळाला जिथे अडकतो त्या खाचेत बघा. जुन्या रोलेक्सवर १२ च्या बाजूला मॉडेल नंबर आणि ६ च्या बाजूला सीरियल नंबर असतो.

३. मागचं झाकण कारागिराकडूनच उघडून घ्या. बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे डोलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा शेजारी बारीक कोरलेला कॅलिबर नंबर, म्हणजे आतल्या यंत्राचा मॉडेल नंबर, दिसतो. तिरप्या उजेडात त्याचा फोटो काढा, सुटे भाग त्यावरूनच मिळतात. झाकणाच्या आतल्या बाजूचाही काढा. तिथे जुन्या कारागिरांनी सुईने ओरखडलेल्या दुरुस्तीच्या खुणा, कधी तारखासुद्धा सापडतात.

सर्व्हिसिंगला देताना 'साफसफाई आणि तेल करा, पॉलिश नको, तबकडीला हात नको' असं पावतीवरच लिहून घ्या. चकचकीत केलेल्या घड्याळाची किंमत बहुधा उतरतेच.

जपायचं एकच: १९६० च्या दशकापर्यंतच्या घड्याळात काट्यांवरचा पिवळट-तपकिरी रंग रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नसला तरी तो किरणोत्सारीच असतो. काच घरी काढू नका, रंग खरवडू नका.