तोडणीपूर्वी कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी

मुंबईजवळ पिकणारा पालक असो किंवा वाशीच्या बाजारात जाणारी भेंडी, माल एकदा गाडीत चढला की अहवालाचा उपयोग उरत नाही. म्हणून नमुना तोडणीच्या सात-आठ दिवस आधी, पण औषधाच्या लेबलावरील प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी ते तोडणी यांत ठेवायचे दिवस) संपण्याच्या सुमारास घ्यावा. फवारणीची वही नसेल तर ती आजच सुरू करावी, कारण कोणते औषध कधी मारले हे कळल्याशिवाय प्रयोगशाळेला नेमके काय शोधावे ते सांगता येत नाही.

खरी चूक नमुना घेतानाच होते. बांधाजवळची चार टवटवीत झाडे न निवडता शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणांहून माल गोळा करावा. पालेभाजी किंवा भेंडी एक किलो पुरते. कोबी, दुधीसारखे मोठे नग किमान पाच आणि एकूण दोन किलो असावेत. माल धुऊ नये, पुसू नये. माती फक्त हलकेच झटकावी. फवारणीच्या हातमोज्यांनी तोडलेला नमुना बादच समजावा. स्वच्छ पिशवीवर पीक, शेताचा गट क्रमांक आणि तारीख लिहून ती बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवावी.

अहवालातील मिलिग्रॅम प्रति किलोचा आकडा त्या पिकासाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ठरवलेल्या मर्यादेशी ताडावा. ताज्या भाजीवर एखाद्या औषधाची मर्यादाच ठरलेली नसेल, तर सर्वसाधारणपणे 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. आकडा जास्त आल्यास तोडणी लांबवून पुन्हा नमुना द्यावा.