फॉर्मॅट मारण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरबाबतच्या या चुका टाळा

"दादा, लॅपटॉप फार स्लो झालाय, फॉर्मॅट मारून द्या." दुरुस्तीच्या टेबलावर मी हे वाक्य जितक्या वेळा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच नाही. त्रास नेमका काय होतोय, कधीपासून होतोय, हे कुणी सांगत नाही. औषध मात्र घरूनच ठरवून आणलेलं असतं: फॉर्मॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा फॉर्मॅटची गरजच नसते, आणि जिथे ती असते तिथेही लोक चुकीच्या क्रमाने जातात.

गेल्या पावसाळ्यात शिकवण्या घेणाऱ्या एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. भाच्याने घरीच विंडोज नव्याने टाकलं होतं, फायली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या. पण फाइल उघडली की मराठी प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. व्हायरस लागला असं समजून त्या सगळं पुसून टाकायच्या बेतात होत्या. फायलींना काहीही झालं नव्हतं, फॉन्ट तेवढा गेला होता. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची मूळ चिन्हं उघडी पडतात. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. तोच फॉन्ट परत टाकला आणि दहा मिनिटांत त्यांच्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा दिसल्या. घरात असा जुना मजकूर असेल तर फॉर्मॅटआधी ते फॉन्टही वेगळे काढून ठेवा, त्या फॉन्टच्या पॅकेजची मूळ सीडी आणि लायसन्स सांभाळा, आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर नवाच काला तयार होतो.

बाईंच्या भाच्याने एक गोष्ट बरोबर केली होती: फायली बाहेर काढल्या होत्या. बरेच जण तेही करत नाहीत. "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा" असं बिनधास्त सांगतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर बहुतेक वेळा सी ड्राइव्हवरच असतात. आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन कप्पे. डिस्क मेली की दोन्ही जातात, म्हणून सीवरची फाइल डीवर ठेवली की तिला बॅकअप म्हणता येत नाही. लग्नाचे फोटो, सात-बाराच्या स्कॅन प्रती, मुलांची प्रमाणपत्रं, टॅलीचा डेटा, हे सगळं लॅपटॉपच्या बाहेर, एका वेगळ्या डिस्कवर हवं. शक्य असेल तर आणखी एक प्रत ऑनलाइनही ठेवा.

चुकून काही पुसलं गेलं तर त्या क्षणी लॅपटॉप वापरणं थांबवा. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असते, आणि ती बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या नव्या डिस्कवर, तशी आशा फार कमी. पुसलेल्या फायलींची जागा रिकामी झाली हे विंडोज एसएसडीला कळवतं आणि ती जागा आतून साफ करून टाकली जाते.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक सूचना. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की त्या खात्यातच साठवलेली असते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिलं असेल, किंवा पासवर्ड विसरला असेल, तर कुठलाही कारागीर ती डिस्क उघडू शकत नाही. आजच खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.

आता मूळ तक्रार, लॅपटॉप स्लो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप हँग होत असताना तो पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कितीही वेळा फॉर्मॅट मारा, महिनाभरात परत तेच. तिथे एसएसडी बसवणं हाच उपाय, आणि त्याने सात-आठ वर्षं जुना लॅपटॉपही चपळ होतो. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरचे वीस टॅब मावत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. रॅम वाढवता येते का ते आधी विचारा, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच जोडलेली असते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर अपडेटही नीट होत नाहीत.

आणि रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना यंत्रणेचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून "मी रोज बंद करतो" म्हणणाऱ्याचं विंडोजही खरं तर कित्येक दिवस ताजं सुरू झालेलं नसतं. रीस्टार्टमध्ये ते पहिल्यापासून सुरू होतं.

स्पीडसाठी क्लीनर, बूस्टर टाकू नका. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. फुकट क्रॅक केलेलं विंडोज मात्र कुणाकडूनही घेऊ नका. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करा असं सांगतात, आणि त्याच दारातून चोर आत येतो. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करत असाल तर विंडोज ११ चालतंय का ते तपासून घ्या.

गरम होण्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो, लॅपटॉप कुठे ठेवून वापरता? उत्तर ठरलेलं: गादीवर, मांडीवर, उशीवर. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. गादीवर ती वाट बंद होते, पंखा ओरडत राहतो, आणि तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लोकांना वाटतं विंडोज बिघडलं. लाकडी पाट किंवा साधी फळीसुद्धा पुरते. दोनेक वर्षांनी पंखा उघडून साफ करून घ्या. हवेच्या जाळीवर धुळीचा चक्क नमदा बसलेला असतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो.

डेस्कटॉप चालू होतो पण डिस्प्ले येत नाही, ही कोकणातल्या दमट हवेत नेहमीची तक्रार. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा आणि खटका वाजेपर्यंत परत बसवा. एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याचा, डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून उघडत नसतील, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. एवढ्यासाठी फॉर्मॅट मारलेली मशीन मी पाहिली आहेत, आणि त्यात गेलेले फोटोही.

तीन प्रसंगी घरी काहीच करू नका. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. दर वेळी चालू करून पाहण्याने आतला पृष्ठभाग आणखी खरवडला जातो. मशीन भिजलं असेल तर "चालतंय का बघू" म्हणत बटण दाबू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या चिखलाच्या पाण्यात बुडालेली डिस्क चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली तर आशा राहते. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसू लागला तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, तिला दाबू नका, टोचू नका, बदलून घ्या.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि तीन पिनांच्या चार्जरची मोठी पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात घालू नका.

शेवटचं, पण यात पैसे जातात. स्क्रीनभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा." खरं विंडोज कधीही फोन नंबर देऊन फोन करायला सांगत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, झालं. फोन लावून कुणाला एनीडेस्कसारख्या, दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या अ‍ॅपने आत घेतलं असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवले जाऊ शकतात.