आज्जीला सगळ्या ओव्या पाठ आहेत, मग दवाखान्यात कशाला?

हा प्रश्न आमच्याकडं बेळगाव भागात खानापूरला जा, येळ्ळूरला जा नाहीतर निपाणीला, ऐकायला मिळतोच. सकाळी चहा झाला का नाही हे आज्जीला सांगता येत नाही, थोरल्या सुनेला ती आपली बहीण समजते, पण लग्नघरात हळदीला बसवली की एकामागून एक अशा ओव्या काढते की पोरी मोबाईल काढून रेकॉर्ड करायला लागतात. मग घरचे म्हणतात डोकं तर झकास चाललंय, वय झालं की थोडं विसरायला होतंच. असं म्हणत म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहितेय, म्हाताऱ्या माणसाबरोबर ओव्या-अभंग-शाळेतल्या कविता कशा म्हणायच्या, आणि डॉक्टरकडं जाताना काय तयारी करायची.

आधी हे असं का होतं ते बघा, म्हणजे पुढचं पटेल. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं ज्या आजाराची केस पहिल्यांदा मांडली तो अल्झायमर आजार साधारणपणे सुरुवातीला मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला धरतो, आणि आज काय घडलं, कोण येऊन गेलं हे टिपून ठेवायचं काम त्या भागाकडं असतं. पन्नास-साठ वर्षं तोंडात घोळलेली चाल आणि शब्द त्याच्यावर तेवढे अवलंबून नसतात. लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात ते अल्झायमरमध्ये बाकीच्या मानानं बरेच उशिरा झिजतात. म्हणजे ओवी आठवणं आणि आजार असणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आरामात नांदतात. ओवी आठवते हा आजार नसल्याचा पुरावा नाही. एवढं एक वाक्य घरातल्या मोठ्या काकांना वाचून दाखवा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट कवितेच्या बाजूची. डेव्हिड रुबिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये तोंडी परंपरांवर मोठं काम छापलं, त्यातला मुद्दा असा की पद्य लक्षात राहतं ते यमक, लय आणि डोळ्यापुढं येणारं चित्र या तिघांनी मिळून पुढच्या शब्दाला वाटच एक ठेवलेली असते म्हणून. आपला मोठा अभंग घ्या, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या नि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलेलं, दुसरा चरण म्हटला की तिसऱ्याचा शेवट कसा होणार हे अर्धं ठरूनच गेलेलं असतं. आज्जीला "काल कोण आलं होतं" विचारलं तर उत्तराला हजार वाटा, आणि अभंगात एकच. म्हणून तिथं ती अडत नाही.

आता करायचं कसं. सगळ्यात पहिलं, परीक्षा घेणं बंद. "मी कोण सांग बघू", "आज वार कुठला" असलं पाहुण्यांसमोर विचारायची आपल्याकडं फार हौस आहे, त्यानं म्हातारं माणूस खजील होतं नाहीतर चिडतं, मिळत काहीच नाही. अमेरिकेत गॅरी ग्लेझनर नावाचा कवी विसरभोळ्या वृद्धांबरोबर कविता म्हणतो तो साध्या पद्धतीनं, आपण एक ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती परत म्हणायची, हाताला हात लावून, ठेका धरून. आपल्याकडं भजनात टाळकरी दुसरं काय करतात! म्हणजे पद्धत नवी नाही, घरात वापरायचं सुचत नाही एवढंच.

सकाळचं खाणं झाल्यावर, माणूस ताजं असताना बसा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला बऱ्याच जणांचा गोंधळ वाढतो, त्यावेळी नवीन काही सुरू करू नका, फार तर रोजचा हरिपाठ. टीव्ही बंद, पंखा बारीक, तुम्ही समोर आणि डोळ्याच्या पातळीला. कानाचं मशीन असेल तर ते लावलंय का आणि त्यात बॅटरी आहे का हे आधी बघा, कारण निम्म्या वेळेला "तिला आठवत नाही" म्हणजे तिला ऐकूच गेलेलं नसतं.

मग अर्धी ओळ द्यायची आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड आहे. समजा ओवी अशी आहे (ही मी उदाहरणापुरती जुळवलीय):

पाऊस आला बाई भाताच्या खाचरात
माहेरचा निरोप बांधला पदरात

पहिली ओळ तुम्ही पूर्ण म्हणा, दुसरी "माहेरचा निरोप बांधला" इथवर आणा आणि गप्प बसा. मनात सावकाश दहा मोजा. तीन-चारला आपल्याला राहवत नाही आणि आपण "पदरात, आज्जी, पदरात" म्हणून टाकतो, ते करू नका. ओठ हलतील, मान हलेल, कधी शब्द येईल. नाही आला तर दहानंतर तुम्ही म्हणा, चेहरा न पाडता, आणि पुढं चला.

ती "पदरात" च्या जागी "उंबऱ्यात" म्हणाली तर? तर तेच बरोबर. पॅरी आणि लॉर्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या गाणाऱ्यांकडून हेच दाखवून दिलं की तोंडी काव्य दरवेळी थोडं वेगळंच म्हटलं जातं, पाठांतर बिघडलं म्हणून नव्हे तर ते तसंच चालतं म्हणून. जात्यावर बसलेल्या बाईनं ओवी कधी पुस्तकातून वाचली नव्हती, भावाचं नाव बदललं, गावाचं बदललं, दळण जास्त असलं तर ओवी लांबवली. तेव्हा वही घेऊन दुरुस्त्या करत बसू नका. शाळेतल्या कवितेचं थोडं वेगळं असतं, मास्तर असलेल्या आज्जोबांना चूक खपत नाही, तिथं उलट तुम्हीच मुद्दाम चुका आणि त्यांना दुरुस्त करू द्या, बघा कसे ताठ बसतात.

काय निवडायचं? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त टिकलेल्या दिसतात. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचं ते वय म्हणजे १९५५ ते १९७५. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हा त्यांच्या पहिल्या इयत्ता मुंबईकडच्या मराठी पुस्तकांवर झाल्यात, तुमच्या पोरांच्या पुस्तकातल्या कविता त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. बायकांकडं ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, पुरुषांकडं भजन, पोवाडा आणि पाढे. पाढ्यांना हसू नका, पावकी-निमकी-अडीचकी म्हणताना एक तात्या, ज्यांना नातवाचं नाव लागत नाही, अजिबात अडखळले नाहीत, अडीचकी संपवून वर मलाच म्हणाले, "तुझं हिशेबाचं काय खरं न्हाई." निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत कामाला असलेल्या बायकांना कामाची गाणी विचारा, खानापूर-जांबोटीकडं भात लावणीची.

आणि हाताला काम द्या. जातं असेल तर खुंट्याला हात लावू द्या, नसेल तर सूप द्या, मूठभर तांदूळ घाला. हात फिरायला लागले की शब्द येतात, कारण ती ओवी त्या हालचालीबरोबरच शिकलेली असते. घशाखाली घास असताना मात्र गायला लावू नका, म्हाताऱ्या माणसाला ठसका लागून घास श्वासनळीत जाऊ शकतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. रडायला आलं तर घाबरून लगेच विषय बदलू नका, माहेरच्या ओवीला रडणं हे पूर्वीपासूनचंच आहे, हात धरून बसा, दुसऱ्या दिवशी दुसरी घ्या.

ज्यांना आता पद्य पण येत नाही, नुसते सुटे शब्द येतात, त्यांच्यासाठी इंग्लंडच्या जॉन किलिक यांनी नव्वदच्या दशकात केलेली गोष्ट मला फार आवडते, ते वृद्धाश्रमात बसून माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत ओळी पाडून लिहायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. एका मावशींचं असंच लिहिलेलं:

दार उघडंच हाय
म्हशीला कुणी सोडलं
पाऊस येऊलालाय
कुणीतरी वाळवणं आत घ्या की

वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर हाय." आपला एकही शब्द त्यात घालायचा नाही, फक्त ओळ कुठं तोडायची ते आपण ठरवायचं.

आता दवाखाना. भारतात साठीच्या वरच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (आठवण आणि विचारशक्ती झिजत जाणं, अल्झायमर हा त्यातलाच एक) आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास, असा २०२३ मध्ये छापलेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. पण विसरणारा प्रत्येक माणूस त्यात मोडत नाही आणि म्हणूनच जायचं. बी-१२ कमी, थायरॉइड, सोडियम उतरलेलं, डिप्रेशन, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या काही गोळ्या यांनीपण गोंधळ वाढतो, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्यासकट सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊनच जा. आणि एका-दोन दिवसात अचानक माणूस भलतंच बोलायला लागला, झोपाळला, ओळखेना, तर ते म्हातारपण नव्हे, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं, त्याच दिवशी गाठा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर एक मिनिट थांबू नका.

जाताना एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, आणि नुसतं "विसरते" नको, "भाजीत मीठ दोनदा", "पेन्शन काढून आणली आणि पैसे कुठं ठेवले माहीत नाही", "घरामागच्या वाटेवर चुकली" असं. झोप, पडणं, ऐकू येणं, लघवी, शाळा किती. ओवी म्हणतानाचा एक आणि साध्या गप्पांचा एक असे दोन छोटे व्हिडिओ मोबाईलवर ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर म्हातारी माणसं एकदम शहाणी होऊन बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या भागातली खास अडचण भाषेची. सिव्हिलला जा नाहीतर खाजगीत, सिस्टर विचारणार "ऊटा आयता अज्जी?" आणि आज्जी गप्प. तिला जेवल्याचं आठवत नाही का कन्नड कळलं नाही, कसं ठरवणार? स्मरणशक्तीची तीस मार्कांची जी चाचणी असते ती माणसाला येत असलेल्या भाषेतच व्हायला पाहिजे, तेव्हा "मराठीतून घेता का, नाहीतर मी फक्त प्रश्न मराठीत सांगते" असं आधीच नम्रपणे सांगा. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला लावून मार्क कापू नयेत, यासाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर लोकांसाठी बदलून केलेली चाचणी नव्वदच्या दशकापासून आहे, डॉक्टरांना शिक्षण किती ते स्पष्ट सांगितलं की ते त्याप्रमाणे बघतात. आणि मागून उत्तरं फुसफुसू नका! अब्रू जाईल म्हणून लेकच उत्तर देतो आणि रिपोर्ट आईचा येतो.

ॲडमिट करायची वेळ आली तर चष्मा, कानाचं मशीन, कवळी बरोबर न्या, रात्री घरचं माणूस ठेवा, आणि तिचे रोजचे दोन अभंग कुठले ते कागदावर लिहून उशाशी चिकटवा. सलाईन लावताना किंवा अंग पुसताना ते हळू म्हटले की हिसकाहिसकी कमी होते, पाहुणीनं करा किंवा सिस्टरनं, चालतं. पण यानं स्मरणशक्ती परत येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. संगीतावर आधारलेल्या उपचारांचा २०१८ चा कोक्रेन आढावा (बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) म्हणतो की उदासी आणि वागण्यातला त्रास कमी होतो, बुद्धीवर फरक जवळजवळ नाही. मला विचाराल तर उदासी कमी होणं ही काय लहान गोष्ट नाही. सांभाळणाऱ्या सुनेची पण कमी होते, आणि तिला बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, भाषा निवडता येते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

शेवटी जमवण्याबद्दल, कारण म्हणून झालं की बहुतेक जण तिथंच सोडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तुमच्या घरच्या मात्र तुम्हालाच घ्यायच्यात. आधी विचारा, "रेकॉर्ड करू का," आणि दर वेळी विचारा, कारण कालचं हो आज त्यांना आठवत नसतं. कुणाला पाठवायचं असेल तर वेगळं विचारा, आजारी आज्जीचा केस विस्कटलेला व्हिडिओ स्टेटसला टाकणं मला बिलकूल पटत नाही. मोबाईल हातभर अंतरावर, उशीवर ठेवा, टेबलावर नको, थरथर येते. सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, आणि ही ओवी कुणाकडून शिकली, कुठल्या कामाला म्हणायची ते बोला. लिहून काढताना "हाय" चं "आहे" करू नका. मधेच कन्नड पद आलं तर तेपण तसंच लिहा, येणाऱ्या शेजाऱ्याकडून अर्थ विचारून घ्या. कितीतरी आज्ज्या दोन्हीकडचं म्हणतात, त्यांच्या तोंडात सीमावाद नव्हता, आपण तो वहीत आणायची गरज नाही. फाईलला नाव गाव-वर्ष-पहिले दोन शब्द असं द्या, एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक मुंबई-पुण्याकडं असलेल्या भावंडाकडं, आणि त्याला सांगा, दर रविवारी फोन करशील तेव्हा "ओळखलंस का" विचारू नकोस, पहिली अर्धी ओळ म्हण.